श्विटर्स, कुर्ट

(२० जून १८८७–८ जानेवारी १९४८). जर्मन चित्रकार, कवी आणि ध्वनिकाव्याचा श्रेष्ठ प्रयोक्ता. जन्म हॅनोव्हर येथे. चित्रकलेचे शिक्षण ड्रेझ्डेनच्या कला अकादमीत. पहिल्या महायुद्धानंतर जुनी तिकिटे, कागदाचे कपटे, लाकडाचे तुकडे अशा टाकाऊ वस्तूंपासून त्याने चिक्कणितचित्रे तयार केली व १९१९ मध्ये आपल्या कलेला ‘मेर्झ’ हे नाव दिले. ‘कोमेर्झ’ (व्यापार) ह्या छापील शब्दाचा तो कापून घेतलेला तुकडा होय. अर्थापासून सुटलेल्या अशा शब्दखंडांतूनच त्याचे ध्वनिकाव्यही घडले.

ध्वनिकाव्यात शब्दार्थाऐवजी स्वर, व्यंजने, लय व आघात हीच रचनेची सामग्री असते. लिखित मजकूर ही केवळ संहिता. कविता सिद्ध होते ती उच्चारणात. ह्यूगो बाल ह्याने १९१६ मध्ये झुरिक येथे अशा कविता सादर केल्या होत्या. राउल हाउसमान ह्याने १९१८ मध्ये केवळ अक्षरांची भित्तिपत्रके छापली. त्यांपैकी एकातील अक्षरसमूह बीजरूपाने घेऊन श्विटर्सने सुमारे दहा वर्षांत ‘उर्झोनाटे’ (आदिम सोनाटा) ही दीर्घ रचना सिद्ध केली. यान चिखोल्ट ह्याच्या मुद्रणयोजनेसह ती १९३२ मध्ये मेर्झ नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पाश्चात्त्य संगीतातील सोनाटाप्रमाणे हिचे चार भाग आहेत : रोंदो, संथ लार्गो, स्केर्त्सो आणि द्रुत प्रेस्तो. प्रत्येक भागात ठरावीक ध्वनिसमूह परततात, बदलतात, परस्परांशी झुंजतात. अखेरच्या भागातील कादेंझा सादरकर्त्याने स्वतः रचावी, अशी मुभा आहे. शेवटी जर्मन वर्णमाला उलट्या क्रमाने म्हटली जाते. मात्र पहिल्या अक्षरापर्यंत न पोहोचता ती दुसऱ्याच अक्षरावर थांबते. अर्थ नसतानाही श्रोत्याच्या मनात अपेक्षा निर्माण करून ती अपुरी ठेवता येते, हे त्यातून प्रत्ययास येते. तथापि ही रचना भाषामुक्त नाही. तिच्यातील अक्षरे जर्मन पद्धतीनेच उच्चारावीत, अशी श्विटर्सची सूचना होती. शब्द नाहीसे झाले, तरी मातृभाषेचे उच्चार उरले.

पुढे ह्या गोष्टीला करुण अर्थ प्राप्त झाला. नाझी राजवटीने १९३७ मध्ये म्यूनिकच्या ‘भ्रष्ट कला’ प्रदर्शनात त्याची चित्रे उपहासासाठी मांडली. त्याच वर्षी त्याने नॉर्वे गाठले. नॉर्वेवर जर्मन आक्रमण होताच १९४० मध्ये तो ब्रिटनला पळाला. तेथे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनवरील छावणीत स्थानबद्ध झाला. छावणीतील सहबंद्यांपुढे त्याने ‘उर्झोनाटे’ म्हटली. हॅनोव्हरमधील घरात त्याने उभारलेली ‘मेर्झबाउ’ ही अवाढव्य रचना १९४३ च्या बाँबवर्षावात नष्ट झाली. मार्च १९४७ मध्ये लंडनमधील त्याच्या काव्यवाचनास आलेले बी. बी. सी. चे प्रतिनिधी मध्येच उठून गेले व ध्वनिमुद्रण झाले नाही. पुढील वर्षी केंडल येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या आवाजातील ह्या रचनेचे काही अंश १९२५ व १९३२ मधील ध्वनिमुद्रणांत उपलब्ध आहेत. १९८० नंतर डच कलावंत याप ब्लोंक ह्याच्यासारख्या सादरकर्त्यांनी ‘उर्झोनाटे’ रंगमंचावर पुन्हा प्रतिष्ठित केली. आज ती ध्वनिकाव्यातील अभिजात कृती मानली जाते.