अल्याड मित्र, पल्याड प्रतिस्पर्धी

एका देशात 45, 35 आणि 20 टक्के मतदारांचे तीन वांशिक गट आहेत आणि तिन्ही एकगठ्ठा मतदान करतात असे धरले, तर सत्ता सर्वांत मोठ्या गटाकडे जाईल असे सहज वाटते. राज्यशास्त्रज्ञ विल्यम रायकर यांनी 1962 मध्ये मांडलेले गणित वेगळे उत्तर देते. सत्तेचा मलिदा वाटायचा, तर वाटेकरी जितके कमी तितके बरे. म्हणून बहुमताला पुरेल एवढीच युती जमते. इथे ती 35 आणि 20 यांची. 45 टक्केवाले बाहेर! शेप्ली आणि शुबिक यांच्या 1954 च्या सत्ता-निर्देशांकाने मोजले, तर तिघांची ताकद अगदी सारखी भरते, कारण कोणतेही दोघे एकत्र आले की बहुमत होते.

पण मुळात गट कोणते, हे या गणिताने आधीच गृहीत धरलेले असते. राज्यशास्त्रज्ञ डॅनियल पोस्नर यांनी नेमके तेच तपासले. झांबिया आणि मलावी यांची सीमा वसाहतकाळात आखली गेली आणि चेवा व तुंबुका हे दोन्ही समाज तिच्या अल्याड-पल्याड विभागले गेले. भाषा, चालीरीती दोन्हीकडे त्याच. पोस्नर यांनी सीमेलगतच्या गावांत विचारले: दुसऱ्या समाजाशी सोयरीक चालेल का? त्यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला मत द्याल का? मलावीत नाके मुरडली गेली, झांबियात फारशी आडकाठी दिसली नाही. मलावीत चेवा सुमारे 28 टक्के आणि तुंबुका 12. दोघेही स्वतंत्र राजकारण करण्याइतके मोठे. झांबियात मात्र जेमतेम 7 आणि 4 टक्के. एकेकट्याला तिथे कोण विचारतो? म्हणून दोघेही ‘पूर्वेकडचे’ होऊन एकत्र येतात.

झांबियात निवडणुकीचे नियम बदलले, तेव्हाही असेच घडले. राष्ट्राध्यक्ष काउंडा यांच्या एकपक्षीय राजवटीत चुरस मतदारसंघापुरती असे, तिथे जमात पुरेशी होती. 1991 मध्ये बहुपक्षीय निवडणुका परतून चुरस देशव्यापी झाल्यावर बेंबा, न्यान्जा, टोंगा आणि लोझी हे मोठे भाषिक गट पुढे आले.

केनियात अशा आकडेमोडीचा फारच गाजावाजा झाला. मतदारनोंदणी संपली तेव्हाच 2013 च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागला, असे मुताही न्गुन्यी या विश्लेषकाने छातीठोकपणे सांगितले; भिस्त उहुरू केन्याटा यांच्यामागे उभ्या असलेल्या किकुयू आणि कालेंजिन या दोन मोठ्या समाजांच्या युतीवर होती. केन्याटा जिंकले खरे, पण 50.07 टक्के मतांनी, म्हणजे निम्म्यापेक्षा साडेआठ हजारांहूनही कमी मतांच्या आघाडीने. पुढे 2022 मध्ये केन्याटांनी रायला ओडिंगांना पाठिंबा दिला, पण केन्याटांच्याच किकुयू समाजातील बहुसंख्यांनी प्रतिस्पर्धी उमेदवार विल्यम रुटो यांना मते दिली. गट आणि त्याचा नेता एकच मानणाऱ्या गणितात अशा मतदारांना जागाच नव्हती.