थकव्याचे माप रक्ताच्या थेंबात

सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी एका संध्याकाळी आम्ही एका शिक्षकांशी बोलत होतो. त्यांच्या शाळेतली काही मुले मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धेची तयारी करत होती. सर म्हणाले, "रोज दमेपर्यंत पोहायला लावतो. तरी दोघातिघांचा वेग उलट कमीच होतोय. ती आळस करतात, की आमचे काही चुकते?" प्रश्न महत्त्वाचा होता. उत्तर चुकले तर मूल पोहणेच सोडून देते.

पोहताना स्नायूंना ऊर्जा लागते. ग्लुकोजच्या विघटनातून प्रथम पायरुव्हेट बनते. संथ पोहताना ते ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्णपणे जाळले जाते. वेग वाढला की पायरुव्हेट इतक्या झपाट्याने तयार होते, की त्यातले बरेचसे लॅक्टेटमध्ये रूपांतरित होते. लॅक्टेट म्हणजे लॅक्टिक आम्लाचे शरीरातील रूप.

केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ साली दाखवले, की ऑक्सिजन न मिळालेल्या बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते. तेव्हापासून ते थकव्याचे विष ठरले. पुढे १९८०च्या दशकात जॉर्ज ब्रूक्स यांनी वेगळेच चित्र मांडले. लॅक्टेट हे इंधनही आहे. हृदय ते जाळते, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. दुसऱ्या दिवशी अंग दुखते तेही लॅक्टेटमुळे नव्हे, कारण पोहणे थांबल्यावर साधारण तासाभरात त्याची पातळी पूर्ववत होते.

समोरच्या तलावाकडे बघा. जितके पाणी आत येते तितकेच बाहेर गेले, तर पातळी स्थिर राहते. आवक वाढली की पाणी चढू लागते. रक्तातील लॅक्टेटचेही तसेच आहे. ज्या वेगाला आवक जावकीवर मात करते, तो वेग म्हणजे उंबरठा. दमश्वास मोजायचा म्हणजे हा उंबरठा शोधायचा.

चाचणीत जलतरणपटू २०० मीटर अंतर सात वेळा पोहतो, दर खेपेला आधीपेक्षा थोडे वेगाने. प्रत्येक खेपेनंतर कानाच्या पाळीतून किंवा बोटातून रक्ताचा एक थेंब घेतात. तो पट्टीवर ठेवला, की तिच्यावरील विकर लॅक्टेटशी क्रिया करते आणि हातात मावणारे यंत्र मिनिटभरात आकडा देते. विश्रांतीत दर लिटर रक्तात लॅक्टेट १ ते २ मिलिमोल असते. आडव्या अक्षावर वेग आणि उभ्या अक्षावर लॅक्टेट घेऊन आलेख काढला, तर रेषा आधी जवळजवळ सपाट जाते आणि मग झपाट्याने चढते. जर्मनीतील माडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ४ मिलिमोल ही खूण सुचवली. पण ती सरासरी आहे, प्रत्येकाचा उंबरठा वेगळा असतो.

समजा, दोन मुली २०० मीटर सारख्याच वेळात पोहल्या. एकीचा आकडा ३ आला, दुसरीचा ७. घड्याळाला दोघी सारख्या दिसतात, पण दुसरी तो वेग फार काळ टिकवू शकणार नाही. सरावाने तिचा आलेख उजवीकडे सरकला, तर तिचा दमश्वास वाढला असे समजावे.

मात्र कमी आकडा नेहमीच चांगला नसतो. अतिसरावाने किंवा अपुऱ्या जेवणाने स्नायूंतील ग्लायकोजेन संपले, तरी लॅक्टेट कमीच बनते. मूल दमलेले असते आणि आलेख मात्र सुधारल्यासारखा दिसतो! शर्यतीचे अंतरही ध्यानात घ्यावे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. एवढ्या छोट्या शर्यतीत झपाट्याने लॅक्टेट बनवू शकणे हे बळच असते. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ साली सात समुद्रधुन्यांचे आव्हान पूर्ण केले. तिथे कस लागतो तो उंबरठ्याखाली तासन्‌तास राहण्याचा.

शाळेत रक्त काढू नये. ते प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे आणि त्याला पालकांची संमती हवी. जपानमधील वाकायोशी आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात अभ्यासलेली एक पद्धत मात्र घड्याळावर चालते. मुलाने ५० आणि ४०० मीटर, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, जीव तोडून पोहायचे. समजा, वेळा ३५ आणि ३८५ सेकंद आल्या. अंतरांतील फरक ३५० मीटर, वेळांतील फरक ३५० सेकंद. भागाकार सेकंदाला १ मीटर, म्हणजे १०० मीटरला १०० सेकंद. हा वेग उंबरठ्याच्या जवळपास, बहुधा किंचित वर येतो. म्हणून बराचसा सराव याहून संथ ठेवावा. जोराचा सराव आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी पुरे.

सरांनी वहीत आकडेमोड केली. रोजचा सराव सगळ्यांना एकाच वेगाने, आणि त्या तिघांसाठी तो वेग उंबरठ्याच्या वर होता. "म्हणजे ज्यांना आळशी म्हणालो, तीच सर्वांत जास्त राबत होती," ते हळूच म्हणाले.