जुन्या मोटारीचे दिवे आणि नवा प्रकाश

रात्रीच्या प्रवासात मोटार चालविणाऱ्याची दृष्टी सर्वस्वी तिच्या पुढच्या दिव्यांवर अवलंबून असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. रस्त्यावरचा अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे मानले, तर तेवढ्यात १७ मीटर निघून जातात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, ब्रेक उत्तम असतानाही, गाडी थांबण्यास आणखी सुमारे २३ मीटर लागतात. याचा अर्थ असा की, दिवा न लावता पुढे चाललेली बैलगाडी किंवा काळी घोंगडी पांघरलेला पादचारी निदान ४० मीटरांवरून दिसला पाहिजे. त्याहून कमी अंतरावर दिसला, तर तो दिसूनही उपयोग नाही.

जुन्या मोटारी हौसेने जतन करणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमी उभा राहतो. बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसेडर हे त्याचे परिचित उदाहरण होय. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेले तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. परंतु तिच्या अनेक गाड्या आजही जपल्या गेल्या आहेत. तिचे सात इंच व्यासाचे वाटोळे दिवे सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्यांचा प्रकाश आजच्या मानाने मंद भासतो आणि मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो अधिक शक्तीचा बल्ब बसविण्याचा. हा विचार अपुरा का आहे आणि खरी सुधारणा कोठून सुरू करावी, हे या लेखात पाहावयाचे आहे.

दिव्याची रचना

मोटारीचा दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्बातील तंतू, त्यामागचा परावर्तक आणि पुढची काच ही तिन्ही मिळून दिवा होतो. परावर्तक हा अन्वस्ताकार, म्हणजे विशिष्ट वक्रतेचा खोलगट आरसा असतो. अशा आरशाच्या नाभीवर प्रकाशबिंदू ठेवला, तर परावर्तित किरण परस्परांना समांतर निघतात आणि प्रकाश दूरवर पोहोचतो. पुढच्या काचेवर उभ्या-आडव्या पन्हळी दिसतात, त्या शोभेसाठी नसतात. त्यांतून जाताना किरणांचे वक्रीभवन होते आणि प्रकाश रस्त्याच्या रुंदीवर हवा तसा पसरतो.

या रचनेत तंतूची जागा अतिशय नेमकी असावी लागते. नाभीपासून आरशाच्या तळापर्यंतचे अंतर २५ मिलिमीटर आहे असे समजू. तंतू केवळ एक मिलिमीटर पुढे अथवा मागे सरकला, तर अक्षाशी काटकोन करून आरशावर पडणाऱ्या किरणाची दिशा सुमारे एक अंशाने बदलते. हा फरक हाताशी नगण्य वाटतो. पण २५ मीटरांवर तोच किरण अर्धा मीटर वर किंवा खाली जातो. रस्त्यावर पडावयाचा प्रकाश समोरच्या चालकाच्या डोळ्यांत शिरण्यास एवढा फरक पुरेसा आहे.

एका बल्बात दोन तंतू

समोरून वाहन आले की चालक ‘डिपर’ देतो, म्हणजे प्रकाश खाली वळवितो. त्यासाठी एकाच बल्बात दोन तंतू बसविण्याची युक्ती योजली गेली. ‘बिलुक्स’ या नावाने असा बल्ब १९२५ मध्ये युरोपात प्रचारात आला. त्यातील एक तंतू नाभीवर असतो. तो दूरचा प्रकाश देतो. दुसरा तंतू नाभीच्या किंचित पुढे असतो आणि त्याच्या खाली धातूची लहानशी पळी असते. या पळीमुळे दुसऱ्या तंतूचा प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो. तंतू नाभीच्या पुढे असल्यामुळे वरच्या भागावरून परतणारे किरण खालच्या दिशेने झुकतात. पळी नसती, तर आरशाच्या खालच्या भागावरून तेच किरण वर उसळून समोरच्याच्या डोळ्यांत गेले असते.

या पळीची एक कड अशी तिरकस ठेवलेली असते की रस्त्याच्या कडेला प्रकाश थोडा अधिक दूर पोहोचावा. आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून ही वाढ डावीकडे हवी. उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनविलेला दिवा येथे बसविला, तर हा जादा प्रकाश नेमका समोरून येणाऱ्यावर पडतो. दिवा विकत घेताना ही गोष्ट आवर्जून तपासावी.

तारांतून होणारी हानी

आता विजेकडे वळू. ६० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्ट दाबावर लावले, तर त्यांना एकूण १० अँपिअर प्रवाह लागतो. बॅटरीपासून दिव्याच्या बटणापर्यंत आणि तेथून डिपरच्या बटणामार्गे दिव्यांपर्यंत जाणाऱ्या जुन्या तारा बारीक असतात. त्यांचे सांधे गंजलेले असतात. बटणांतील पट्ट्या झिजलेल्या असतात. या सर्वांचा एकत्र रोध केवळ ०.१२ ओहम भरला, तरी १० अँपिअर प्रवाहाला १.२ व्होल्ट वाटेतच गमवावे लागतात. बल्बापर्यंत पोहोचतात १०.८ व्होल्ट.

दाब एक-दशांशाने उतरला म्हणजे प्रकाशही एक-दशांशाने उतरेल, असे मात्र नाही. तंतूचे तापमान घसरले की त्याचा प्रकाश फार वेगाने घटतो. तो दाबाच्या साधारण ३.४ घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे दाब नव्वद टक्के उरला की प्रकाश सुमारे सत्तर टक्केच उरतो, आणि तोही पिवळसर. नवा, अधिक वॅटचा बल्ब बसविला की प्रवाह वाढतो आणि त्याबरोबर वाटेतील हानीही वाढते. तारा तापतात, बटणे करपतात. प्रसंगी आगही लागते.

यावर रिले हा साधा उपाय आहे. रिले म्हणजे विद्युत्-चुंबकाने चालणारे बटण. चालकाच्या हाताजवळचे जुने बटण फक्त या चुंबकाला लागणारा अल्प प्रवाह वाहून नेते. दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीकडून जाड आणि आखूड तारेने सरळ दिव्यांकडे जातो. अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या दोन मीटर तांब्याच्या तारेत १० अँपिअर प्रवाहाला जेमतेम ०.१४ व्होल्ट खर्ची पडतात. या तारेवर बॅटरीच्या जवळच फ्यूज असणे आवश्यक आहे. तसेच दिव्याकडून गाडीच्या सांगाड्याकडे परतणारी जोडणीही स्वच्छ व घट्ट हवी, कारण प्रवाहाचा मार्ग तेथूनच पूर्ण होतो.

डायनामोचा जमाखर्च

त्या काळच्या ब्रिटिश धाटणीच्या मोटारींत वीज निर्माण करण्यास डायनामो असे. त्याची क्षमता साधारण २० अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टला २४० वॅट असे. शंभर वॅटचे दोन बल्ब लावले, तर २०० वॅट तेथेच संपले. प्रज्वलन, मागचे दिवे आणि पावसात काचपुसणी यांना मग काय उरणार? शिवाय इंजिन मंद चालत असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. सारा भार बॅटरीवर पडतो. म्हणून दिव्यांचा खर्च नेहमी उत्पन्नाच्या मर्यादेत ठेवावा.

हॅलोजन आणि एलईडी

साध्या बल्बात तापलेल्या टंगस्टनची वाफ होऊन ती काचेवर साचते. काच काळवंडते आणि तंतू झिजतो. हॅलोजन बल्बात आयोडीन अथवा ब्रोमीन अल्प प्रमाणात असते. ते काचेजवळ टंगस्टनशी संयोग पावते, तंतूच्या उष्णतेने पुन्हा विलग होते आणि टंगस्टन तंतूकडे परत येते. या चक्रासाठी बल्बाची भिंत निदान २५० अंश सेल्सियस तापलेली असावी लागते. म्हणून बल्ब लहान आणि क्वार्ट्झचा असतो. त्यास उघड्या बोटांनी स्पर्श करू नये, कारण त्वचेचे तेल लागलेल्या जागी तो तडकण्याचा संभव असतो. दोन तंतूंचा ‘एच-४’ जातीचा असा बल्ब १९७१ मध्ये आला. त्याचा ६० वॅटचा दूरचा तंतू पूर्वीच्या ४५ वॅटच्या तंतूच्या जवळजवळ दुप्पट प्रकाश देतो. मात्र त्याची बैठक वेगळी असल्यामुळे त्यासाठी बनविलेला परावर्तक व काचही बदलावी लागते. असे सात इंची जोड मिळतात आणि गाडीचे मूळ रूप फारसे बिघडत नाही.

एलईडी अल्प विजेत पुष्कळ प्रकाश देते, ही गोष्ट खरी. तथापि तिचा प्रकाश सपाट तुकड्यांतून निघतो. तंतूसाठी आखलेल्या परावर्तकात नुसता एलईडी बल्ब खोचला, तर तुकड्यांची जागा, आकार आणि पळीची छाया मूळ रचनेशी जुळतीलच असे नाही. मग प्रकाश भिंतीवर भरपूर दिसतो, पण रस्त्यावर विस्कटतो. स्वतःच्या प्रकाशरचनेसह बनविलेला, वाहतूक नियमांना मान्य असलेला संपूर्ण एलईडी दिवा ही निराळी वस्तू होय. तरीही एक अडचण उरते. अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तंतूला प्रवाहाची दिशा सारखीच. एलईडीला ती उलटी चालत नाही.

सुधारणेचा क्रम

यावरून सुधारणेचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम इंजिन चालू ठेवून दिवे लावावे आणि बॅटरीवरचा व बल्बाजवळचा दाब मोजावा. फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक असेल, तर आधी तारा, सांधे आणि रिले यांकडे लक्ष द्यावे. नंतर परावर्तक पाहावा. त्याचा मुलामा काळवंडला असेल, तर कोणताही बल्ब त्याची भरपाई करू शकत नाही. त्यानंतरच बल्ब बदलावा. अखेरीस सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरांवर गाडी उभी करून डिपरचा प्रकाश पाहावा. भिंतीवरील त्याची वरची सपाट कड दिव्याच्या मध्यबिंदूच्या उंचीहून सुमारे १० सेंटिमीटर खाली असावी.

ही शेवटची तपासणी पुष्कळ जण टाळतात. परंतु तिचा संबंध केवळ स्वतःच्या सोयीशी नाही. प्रखर प्रकाशाने दिपलेल्या डोळ्यांना पुन्हा अंधारात दिसू लागण्यास काही सेकंद लागतात, आणि वयाबरोबर हा काळ वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत ५० मीटर अंतर संपते. तेवढे अंतर समोरचा चालक जवळजवळ आंधळा होऊन आपल्याच दिशेने येत असतो. दिव्याची सुधारणा करताना ही गोष्ट कधीही विसरू नये.