बटण दाबल्यापासून बंद पडेपर्यंत

एप्रिल सरत आला की अकोला-अमरावतीतल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास येते: "भाऊ, चालू होते अन् लगेच बंद पडते." बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो, पडद्यावर कंपनीचे नाव येते आणि विंडोज उघडण्याआधीच सारे काळे होते. लॅपटॉप सहा-सात वर्षांचा असतो, अनेकदा सेकंडहँड घेतलेला. त्यावर कोणाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चाललेला असतो, कोणाचे सेतू केंद्र. "मदरबोर्ड गेला" असे कोणी म्हटले की घरात नव्या लॅपटॉपच्या हप्त्यांची चर्चा सुरू होते.

तिथेच थोडे थांबायला हवे. सुरू होताना बंद पडणारा लॅपटॉप मेलेला असतोच असे नाही. पुष्कळदा त्याने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडलेली असते. ती का तोडली, याचा सर्वांत मोठा पुरावा कोणत्याही उपकरणाशिवाय मिळतो: बटण दाबल्यापासून बंद पडेपर्यंत किती वेळ गेला आणि त्या वेळी खोलीत किती उकाडा होता.

पहिल्या दोन मिनिटांत काय घडते

लॅपटॉप बंद असतानाही त्यातली एक छोटी नियंत्रक चिप जागी असते. बटणाचा इशारा मिळाला की ती आधी चार्जर किंवा बॅटरी पुरेशी आहे का ते पाहते. मग ठरलेल्या क्रमाने वेगवेगळ्या व्होल्टेजच्या वाटा उघडते: ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, मेमरीसाठी त्याहून कमी आणि शेवटी प्रोसेसरसाठी साधारण १ व्होल्ट. प्रत्येक वाटेकडून 'ठीक आहे' असा संदेश आला तरच पुढची उघडते. एकीकडून जरी उत्तर आले नाही तरी सगळे पुन्हा बंद. हे सारे एका सेकंदाच्या आत होते.

त्यानंतर बायोस ही सुरुवातीची प्रणाली मेमरी, कीबोर्ड आणि डिस्क तपासते आणि विंडोज किंवा लिनक्सच्या हाती कारभार सोपवते. या काळात प्रोसेसरला उसंत नसते. वीज वाचवण्याची कामे बरीचशी ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळते आणि ती अजून पुरती उभी राहिलेली नसते. त्यात डिस्क वाचली जाते, एकामागून एक प्रोग्रॅम उघडतात. १ व्होल्टवर १५ वॉट खर्च करणारा प्रोसेसर १५ अँपिअर प्रवाह ओढतो, आणि क्षणिक मागणी याच्या दुप्पट-तिप्पटही होते. म्हणून वीजपुरवठ्यात किंवा थंडाव्यात कुठेही कमजोरी असली, तर ती याच दोन मिनिटांत उघडी पडते.

अकोल्याच्या उन्हाचे गणित

उष्णता किती वेगाने निघून जाईल हे दोन तापमानांतल्या फरकावर अवलंबून असते. प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा जितका जास्त तापलेला, तितकी उष्णता जास्त वेगाने बाहेर पडते. ठरावीक काम करणारा प्रोसेसर म्हणूनच हवेपेक्षा ठरावीक अंशांनी वर जाऊन स्थिरावतो. नव्या, स्वच्छ लॅपटॉपमध्ये हा फरक ४५ अंश धरू. जानेवारीत खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७० वर राहील. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालची खोली ४५ अंशांवर गेली तर तोच प्रोसेसर तेच काम करताना ९० वर पोहोचेल. तरीही तो चालेल.

आता लॅपटॉप जुना झाला, आत धूळ साचली, फरक ६५ झाला असे समजू. जानेवारीत २५ अधिक ६५ म्हणजे ९०. मालकाला काहीच जाणवत नाही. मे महिन्यात ४५ अधिक ६५ म्हणजे ११०, आणि बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० ते १०५ अंशांच्या आसपास असते. बिघाड हिवाळ्यातच झालेला असतो, उन्हाळा तो फक्त दाखवून देतो. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. ज्या गावात हे घडते तिथे बंगळुरूच्या वातानुकूलित कचेरीतून निवृत्त झालेल्या लॅपटॉपची खरी परीक्षा होते.

मर्यादा ओलांडली की काय होते? सिलिकॉनच्या डायोडवरचे व्होल्टेज तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते. याच गुणधर्मावर प्रोसेसरच्या पोटातला तापमापक चालतो. शंभरीच्या आसपास प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही आणि तापमान साधारण १२५-१३० अंशांकडे गेले, तर तो थेट वीज तोडण्याचा इशारा देतो. हा इशारा कोणत्याही सॉफ्टवेअरला विचारत नाही. अनेक लॅपटॉपांतली नियंत्रक चिप तर त्याच्या बरीच आधी पुरवठा थांबवते.

या सोयीची किंमत २००१ साली जगाला दिसली. टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू संगणकांच्या प्रोसेसरवरचे थंडावा देणारे धातूचे ठोकळे काढून पाहिले. पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला. त्या काळचा अॅथलॉन धूर सोडून जळून गेला. आज आपला लॅपटॉप नुसता बंद पडतो, जळत नाही, तो या संरक्षणामुळे.

तांबे, पेस्ट आणि रुईचा नमदा

लॅपटॉपच्या प्रोसेसरची चकती साधारण एक चौरस सेंटिमीटरची असते. तिच्यातून १५ वॉट उष्णता निघते. स्वयंपाकघरातली दीड हजार वॉटची विजेची शेगडी घेतली, तर तिच्या तव्याच्या दर चौरस सेंटिमीटरमधून सहा वॉटच्या आसपास उष्णता निघते. म्हणजे शांतपणे मजकूर टाइप करून देणारी ही चकती शेगडीच्या दुपटीहून अधिक दाटीने उष्णता सोडत असते.

ही उष्णता बाहेर काढते ती तांब्याची चपटी नळी, हीट पाइप. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये तिचे आजचे रूप साकारले, ते अवकाशयानांच्या गरजेतून. नळीत अगदी कमी दाबाखाली थोडे पाणी असते. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, पंख्याच्या बाजूला ती निवून पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र थरातून ते परत येते. ही नळी वर्षानुवर्षे टिकते. बिघडतात ती तिची दोन टोके.

पहिले टोक प्रोसेसरला भिडते, आणि मध्ये करड्या रंगाची थर्मल पेस्ट असते. दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेचे सूक्ष्म कप्पे राहतात, आणि तांब्याच्या तुलनेत हवा सुमारे पंधरा हजार पटींनी वाईट उष्णतावाहक आहे. पेस्ट ते कप्पे भरते. काही वर्षांनी ती सुकते, तडकते आणि हवा परत शिरते. हा सांधा पुरताच सुटला तर काय होईल? चकतीतल्या सिलिकॉनचे वजन पाव ग्रॅमहूनही कमी असते. उष्णतेला जायला वाटच नसेल, तर १५ वॉट तिला सेकंदाला शंभरावर अंशांनी तापवू शकतात. प्रत्यक्षात थोडी उष्णता आजूबाजूला झिरपते, त्यामुळे काही सेकंद जास्त मिळतात, इतकेच.

दुसरे टोक पंख्यासमोरच्या बारीक पत्र्यांच्या जाळीला जोडलेले असते. वऱ्हाडात तिथे दोन गोष्टी येऊन बसतात: काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू. वेचणीपासून जिनिंगचा हंगाम संपेपर्यंत हवेत रुई तरंगत असते. तंतू आधी जाळीत अडकतात, मग धूळ त्यांना धरते आणि पंखा व जाळी यांच्या मध्ये नमदा तयार होतो. बाहेरून तो दिसत नाही. पंखा जोरात फिरतो, आवाजही करतो, पण बाहेरच्या फटीवर हात धरला तर वारा लागत नाही. झाकण उघडल्याशिवाय तो नमदा निघत नाही.

पहाटेचा प्रयोग

वऱ्हाडाच्या हवामानाने आपल्याला एक फुकटची प्रयोगशाळा दिली आहे. मे महिन्यात इथे पहाट आणि दुपार यांच्यात पंधरा अंशांच्या आसपास फरक असतो. रात्रभर बंद ठेवलेला लॅपटॉप चार्जर लावून पहाटे साडेपाचला सुरू करा आणि किती वेळ चालतो ते लिहून ठेवा. तोच लॅपटॉप, तोच चार्जर, तेच टेबल आणि तीच कृती दुपारी तीनला. बाकी काहीही बदलू नका. पहाटे तो नीट चालला आणि दुपारी बंद पडला, तर दोष थंडाव्याकडे आहे हे जवळपास ठरले. दोन्ही वेळा त्याच सेकंदाला बंद पडला तर संशय उष्णतेवरून हलवून विजेवर न्यायला हवा.

वेळेचे ढोबळ वाचन असे. एक-दोन सेकंदांत बंद पडणे म्हणजे व्होल्टेजच्या एखाद्या वाटेवर शॉर्ट किंवा नीट न बसलेली मेमरी. दहा-तीस सेकंदांत बंद पडणे म्हणजे बहुधा पेस्टचा सांधा सुटलेला किंवा पंखा अडकलेला. विंडोज उघडता उघडता, एक-दोन मिनिटांनी बंद पडणे म्हणजे नमदा किंवा थकलेली बॅटरी. आणि लॅपटॉप बंद न होता स्वतःहून पुन्हा सुरू होत असेल, तर बहुधा दोष सॉफ्टवेअर, मेमरी किंवा डिस्कमध्ये असतो. बायोसच्या पडद्यावर तो अर्धा तास निवांत उभा राहत असेल तर हा संशय बळावतो.

चाळीस टक्क्यांवर मरणारी बॅटरी

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत बहुधा तीन लिथियम-आयन सेल ओळीने जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट, मधल्या पातळीला ११ च्या आसपास, आणि ९ व्होल्टच्या जवळ आले की आतले संरक्षण पुरवठा तोडते. नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरला, तर सुरू होताना ५ अँपिअरची मागणी आल्यावर व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने उतरते. वर्षे आणि उन्हाळे गेले की विद्युतअग्रांवर रासायनिक थर जाड होत जातात आणि रोध वाढतो. तो ०.५ ओहम झाला तर तीच मागणी अडीच व्होल्ट खाते. ११.१ मधून अडीच गेले की ८.६ उरतात आणि बॅटरी वीज तोडते. पडद्यावरचे 'चाळीस टक्के' उरलेला भार सांगतात, रोध सांगत नाहीत.

तपासणी सोपी आहे. बॅटरी निघत असेल तर ती काढून फक्त चार्जरवर सुरू करा. आत बसवलेली असेल तर तिची जोडणी दुकानात सोडवून घ्या. चार्जर मूळ वॉटचा आहे ना, तेही पाहा. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ वॉटचा चार्जर लावला तर नेमका सुरुवातीच्या मागणीला तो कमी पडू शकतो. गावातल्या कमी-जास्त व्होल्टेजला मात्र उगाच दोष देऊ नका. हे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतात. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलला गेला असेल, तर लॅपटॉप चार्जिंगला लावू नका आणि बॅटरी टोचू किंवा दाबू नका. तिथे प्रयोग थांबतात.

कूलर आणि खारपाणपट्टा

उष्णता कळली की पुष्कळ जण लॅपटॉप थेट कूलरच्या तोंडाशी ठेवतात. खोली गार करायला कूलर उत्तम, पण त्याच्या झोतात बारीक थेंब येऊ शकतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात हे पाणी क्षारांनी भरलेले असते. कूलरच्या जाळीवर जमणारा पांढरा थर तोच. हे थेंब मदरबोर्डवर वाळले की क्षार मागे राहतात आणि पावसाळी दमटपणात ते वीज वाहू लागतात. म्हणून खोली कूलरने गार करा, झोत मात्र लॅपटॉपवर घेऊ नका. आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता फळीवर ठेवा, म्हणजे खालच्या फटी मोकळ्या राहतील.

मुरंब्यापासून परमपर्यंत

उष्णतेची ही लढाई फक्त जुन्या लॅपटॉपची नाही. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभारला. पुढे याच परम मालिकेतला 'परम ब्रह्म' २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत बसवला गेला, तेव्हा त्याच्या प्रोसेसरांची उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवाचा वापर करावा लागला. देशाच्या महासंगणकालाही तोच प्रश्न सोडवावा लागतो जो दर्यापूरच्या विद्यार्थ्याच्या टेबलावरच्या लॅपटॉपला छळतो: गणन करताना निर्माण झालेली उष्णता बाहेर कशी न्यायची.

त्या विद्यार्थ्याकडे प्रयोगशाळा नाही, पण पद्धत तीच वापरता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निरीक्षण लिहायचे. आधी वेळ आणि खोलीचे तापमान. मग चार्जर आणि बॅटरी वेगवेगळ्या करून. मग मेमरीच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून. मग जाळीची सफाई आणि नवी पेस्ट. ही सफाई करताना बॅटरी सोडवलेली असावी, आणि हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरावे, नाहीतर तो बेफाम फिरून बिघडतो. डिस्क काढून तिच्यातली कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेणे हे या सगळ्याच्या आधीचे काम.

निरीक्षणांचा हा कागद घेऊन दुकानात गेलात तर संभाषणच बदलते. "बंद पडते" याऐवजी "पहाटे चालते, दुपारी चाळीस सेकंदांत बंद पडते, बॅटरी काढली तरी तसेच" असे सांगणाऱ्या ग्राहकाला मदरबोर्ड बदलायला सांगणे कठीण असते, आणि चांगल्या कारागिराचे अर्धे काम झालेले असते. एवढे करूनही मदरबोर्डच सदोष निघाला तर नवा लॅपटॉप जरूर घ्यावा. पण तो निर्णय मोजमापावर घ्यावा, धास्तीवर नाही. वऱ्हाडात शेतमालाचे भाव पडलेल्या वर्षी एका घराचे वीस-तीस हजार रुपये त्यावर अवलंबून असतात.