उंदीर की माणूस?

परवा पुन्हा तीच बातमी वाचली: दुबळे केलेले जिवाणू औषधी जनुक पाठीवर घेऊन प्रोस्टेटच्या गाठीत शिरणार. योग असा, की मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजी ही क्षयाची लस वापरणाऱ्या अल्वारो मोरालेस यांच्या १९७६ च्या शोधनिबंधाला यंदा पन्नास वर्षं होताहेत.

त्याआधीचं भराभर सांगतो. अमेरिकी सर्जन कोलींनी १८९१ मध्ये कर्करुग्णाला मुद्दाम जंतू टोचले. काल्मेत आणि गेरँ यांनी गायीच्या क्षयाचा जिवाणू तेरा वर्षं, सुमारे २३० वेळा वाढवून त्याची नांगी मोडली, तीच बीसीजी.

माझा इतिहास २००७ मध्ये सुरू होतो. त्या वर्षी मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या एकाच इमारतीत दोन आजार निघाले. खालच्या मजल्यावरच्या काकांना मूत्राशयाचा कर्करोग, बाबांना प्रोस्टेटचा, तोही हाडांत पोचलेला. काका सहा आठवडे परळला जात. नळीतून बीसीजी आत सोडायची आणि दोन तास लघवी रोखायची. एल्फिन्स्टनहून लोकलने परतताना अंधेरीपर्यंत ते गप्पा मारत, बोरिवलीनंतर नुसते स्टेशनं मोजत. घरी आल्यावर सहा तास कमोडमध्ये ब्लीच.

बाबा एकदा म्हणाले, "त्यांना जंतू चालतात, मग मला का नाही रे?"

मूत्राशय ही पिशवी. औषध थेट तिच्या अस्तराला भिडतं. बाबांच्या हाडांत ते कुठून ओतणार? पण त्याच वर्षी चिनी संशोधकांनी दुबळ्या साल्मोनेला जिवाणूकरवी प्रोस्टेटच्या गाठीतलं एक जनुक गप्प केलं होतं. मी कात्रण जपून ठेवलं. 'उंदीर' हा शब्द त्यात अगदी शेवटच्या ओळीत होता. २००२ च्या चाचणीत माणसांना दुबळा साल्मोनेला देऊनही गाठी आकसल्या नव्हत्या, याचा तर उल्लेखही नव्हता.

बाबांना मिळाला १९४१ पासूनचा उपाय: वृषणं काढणं. डॉक्टर त्यांना "छोटंसं ऑपरेशन" म्हणाले. काय काढणार ते मला व्हरांड्यात सांगितलं. तो राग अजून गेलेला नाही. बाबा मात्र पीएसए या रक्ततपासणीचे आकडे कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत. आधी उतरले, मग चढले. २०११ मध्ये ते गेले.

पुढच्याच वर्षी टोरांटोच्या एका कारखान्यात पाणी शिरलं आणि बीसीजीची जगभर टंचाई झाली. नवलाईला मथळे मिळतात. रोज उपयोगी पडणाऱ्या जुन्या औषधाला पुरेसे कारखानेही मिळत नाहीत.

जनुकोपचार आपल्या दारात आला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक यांच्या कामातून घडलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला तेव्हा मान्यता मिळाली. तिथे जनुक वाहून नेतो तो नांगी मोडलेला विषाणू, आणि तो आहे रक्ताच्या काही कर्करोगांवर. प्रोस्टेटसाठी जनुक वाहणारा जिवाणू आजही चाचण्यांपुढे गेलेला नाही.

संशोधन चालू राहो, त्यावर राग नाही. पण घरात पेशंट असेल तर कात्रण कापण्याआधी बातमीची शेवटची ओळ वाचा: उंदीर की माणूस?