नाव सर्वांत शेवटी!

• कार्यक्रम : ‘द रेस्ट ऑफ द स्टोरी’, अमेरिकेच्या एबीसी रेडिओवर स्वतंत्र मालिका म्हणून १९७६ पासून.

• आवाज : पॉल हार्वे (१९१८–२००९). जन्म ओक्लाहोमातल्या टल्साचा, कर्मभूमी शिकागो. शाळकरी वयात गावच्या रेडिओ केंद्रात शिरले, ते साफसफाईच्या कामाला!

• लेखणी : मुलगा पॉल हार्वे ज्युनियर.

• हातोटी : नामवंताच्या आयुष्यातला अपरिचित प्रसंग अवघ्या काही मिनिटांत रंगवायचा, नाव मात्र दडवायचं. मग हार्वेंचा तो प्रसिद्ध दीर्घ विराम, आणि अखेरीस उलगडा.

• सन्मान : २००५ मध्ये ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’.

• आज : जुनी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर, नवे श्रोतेही नावासाठी शेवटपर्यंत कान टवकारून.