नोंदपत्रे आणि पद्ये

लेखमाला : चमू शिकतो कसा (लेखांक ७)

तंजावूरच्या भोसले घराण्यातील सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी उभारलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या परंपरांतील वैद्य एकत्र आणले गेले होते, आणि औषधे सिद्ध करणे, ती रोग्यांना देऊन पाहणे व ज्या योगांचा गुण आला ते लिहून ठेवणे हे त्यांचे काम होते. या कामातून दोन जातींचे लेखन मागे राहिले. पहिल्या जातीत नेत्ररोग्यांची नोंदपत्रे येतात : रोग्याची तक्रार, त्याच्या डोळ्याचे चित्र, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम असे त्यांचे स्वरूप असून ती सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. दुसऱ्या जातीत अनुभवास उतरलेले औषधयोग येतात; ते तमिळ पद्यात बांधून घेण्यात आले आणि पुढे त्याच ग्रंथालयाने 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने रोगवार प्रसिद्ध केले. (शरभेंद्र हे सरफोजींच्याच नावाचे संस्कृत वळण, आणि मुरैगळ म्हणजे पद्धती.)

पद्याचा लाभ उघड आहे. ते मुखोद्गत होते, गावोगावच्या वैद्यापर्यंत पोथीवाचूनही पोचते आणि शतकभर टिकते. परंतु पद्यात दुरुस्ती करणे जिकिरीचे असते, कारण एखाद्या द्रव्याची मात्रा बदलली की छंदाचीही मात्रा बिघडते. मराठीत हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो हा योगायोग येथे फार बोलका आहे. नोंदपत्राचे तसे नसते. ते एका रोग्यापुरते आणि एका प्रसंगापुरते असते, त्यात काय अपेक्षिले होते आणि काय घडले हे शेजारी शेजारी दिसते, आणि त्याच्या तळाशी पुढच्या नोंदीसाठी जागा उरते. सॉफ्टवेअर तयार करणारे चमू आपल्या कामाची रीत कशी सुधारतात, किंवा सुधारत असल्याचा देखावा कसा करतात, हे समजून घेण्यास हा भेद उपयोगी पडतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी जो अ‍ॅजाइल जाहीरनामा तयार केला, त्यात ४ मूल्ये आणि १२ तत्त्वे आहेत, आणि त्यांपैकी शेवटचे तत्त्व असे की चमूने ठरावीक अंतराने आपल्या कामाच्या रीतीकडे पाहावे आणि तीत बदल करावेत. मागील लेखांकात ज्या स्प्रिंटचा, म्हणजे एक ते चार आठवड्यांच्या बांधील कालखंडाचा, विचार झाला त्याच्या अखेरीस होणारी 'रेट्रो' नावाची बैठक ही याच तत्त्वाची व्यवहारातील अंमलबजावणी होय. स्क्रम या कार्यपद्धतीच्या मार्गदर्शिकेत महिनाभराच्या स्प्रिंटसाठी या बैठकीला जास्तीत जास्त तीन तास दिलेले आहेत. तिला सिंहावलोकन म्हणावयास हरकत नसावी; चालता चालता मान वळवून मागे पाहणारा सिंह त्यासाठी चाल थांबवून बसत नाही, आणि या बैठकीचेही अभिप्रेत स्वरूप तेच आहे.

प्रत्यक्षात या बैठकीचे पद्य होते. फळ्यावर तीन रकाने आखले जातात, काय चांगले झाले, काय चुकले, पुढे काय करावे, आणि प्रत्येक पंधरवड्याला त्याच चिठ्ठ्या चिकटतात : चाचणीला वेळ पुरला नाही, मागण्या उशिरा बदलल्या, आपसांत संवाद वाढवला पाहिजे. यातील एकही वाक्य खोटे नसते, पण एकाही वाक्याची पडताळणी होऊ शकत नाही, कारण संवाद वाढला किंवा नाही हे पुढच्या पंधरवड्यात कशावरून ओळखायचे ते कोणी ठरवलेले नसते. हेच वाक्य नोंदपत्राच्या वळणाने लिहिले तर ते वेगळे दिसते. समजा, एका चमूच्या ध्यानात आले की स्प्रिंटमधील १० कामांपैकी ६ कामे चाचणी करणाऱ्यांच्या हाती अखेरच्या दोन दिवसांत पडतात. मग नोंद अशी होते : कारण, प्रत्येक जण एकाच वेळी दोन-तीन कामे उघडून बसतो; उपाय, चमूभर मिळून एका वेळी चारच कामे हाती घ्यावीत; अपेक्षा, दोन स्प्रिंटनंतर अखेरच्या दोन दिवसांत पोचणारी कामे तिनावर यावीत; पाहण्याचा दिवस, अमुक तारीख. त्या तारखेला आकडा पाचवरच अडलेला दिसला, तर कारण चुकीचे धरले होते एवढे तरी कळते, आणि पुढची नोंद त्याखाली लिहिता येते. चुकलेले अनुमान हीही येथे मिळकत असते.

अशी नोंद लिहिण्यास लागणारे धैर्य मात्र पद्धतीतून येत नाही. एमी एडमंडसन या अभ्यासिकेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णालयांच्या अभ्यासात, उत्तम चालणाऱ्या विभागांत औषधे देण्यातील चुका कमी आढळतील या अपेक्षेच्या उलट, त्याच विभागांत चुकांच्या नोंदी अधिक आढळल्या. आणि तिने लावलेला अर्थ असा की तेथे चुका अधिक होत नव्हत्या, तर त्या उघड सांगण्याची भीती कमी होती. १९९९ मध्ये तिने एका उत्पादक कंपनीतील ५१ चमूंचा अभ्यास मांडताना या निर्भयतेला मानसिक सुरक्षितता असे नाव दिले. हा निष्कर्ष सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांतून फारसा पचनी पडलेला दिसत नाही. बगांची संख्या वार्षिक मूल्यमापनाला जोडली की नोंदवहीतील बग कमी होतात, सॉफ्टवेअरमधील होत नाहीत. आणि स्टोरी पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराचा चमूने केलेला अंदाज, तो दर स्प्रिंटला किती वाढला यावरून वरिष्ठांनी शाबासकी द्यायचे ठरवले की कामे तेवढीच राहून अंदाज फुगतात. ज्या मापाने चमू स्वतःला पाहतो ते माप वरिष्ठांच्या हाती गेले की त्याचा डोळा जातो.

दुसरी अडचण शिकण्याच्या खोलीची आहे. अभ्यासक क्रिस आर्जिरिस यांनी १९७० च्या दशकात एकवेढी आणि दुवेढी शिकण्यातील फरक दाखवला : उद्दिष्ट तेच ठेवून कृती सुधारणे हे पहिले, आणि उद्दिष्टामागील गृहीतच तपासणे हे दुसरे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेती हे त्याचे जवळचे उदाहरण ठरेल. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे, आणि त्या पाण्यावर तंजावूरच्या परिसरात कुरुवै हे अल्पमुदतीचे भातपीक उभे राहते. पाणी कमी असेल तेव्हा पाळ्या लावणे, मागच्या टोकाच्या शेतांना आधी देणे, ही एकवेढी सुधारणा. पाणी लांबल्यावर कुरुवै सोडून सांबा हे दीर्घमुदतीचे एकच पीक घ्यावे, किंवा लावणीऐवजी थेट पेरणी करावी, हा विचार दुसऱ्या वेढ्यातला. चमूंच्या बैठकांत पाळ्यांचीच चर्चा अधिक होते. सकाळची उभ्याने घ्यायची पंधरा मिनिटांची सभा लांबते म्हणून घड्याळ लावले जाते, पण ती सभा चमूसाठी आहे की हजेरी घेणाऱ्या व्यवस्थापकासाठी, हा प्रश्न क्वचितच निघतो.

सर्वच गोष्टी अशा फिरवून पाहता येत नाहीत, हेही तंजावूरातच दिसते. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराचे सुमारे ६० मीटर उंचीचे विमान पाया घालून झाल्यावर चार हात सरकवता आले नसते. मात्र त्याच मंदिराच्या भिंतींवर जवळजवळ आठ शतकांनी, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला आणि त्यासाठी एकही पाषाण हलवावा लागला नाही. विदागाराची रचना, इतरांच्या प्रणाली ज्यावर अवलंबून आहेत असे जाहीर दुवे, सुरक्षेची चौकट हे सॉफ्टवेअरमधील पायाचे भाग होत आणि त्यांवर आधी पुरेसा वेळ घालवणे अ‍ॅजाइलच्या विरुद्ध जात नाही, जरी तसा समज पसरवणारे प्रशिक्षक पुष्कळ आहेत. कोणता निर्णय भिंतीवरच्या लेखासारखा आहे आणि कोणता पायासारखा, हे ओळखणे हाच चमूच्या शिकण्याचा मोठा भाग आहे.

आजच्या तंजावूरात शास्त्रा विद्यापीठासारख्या संस्थांतून अभियंते बाहेर पडतात, आणि २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने येथे लहान टायडल पार्क (माहिती-तंत्रज्ञान संकुल) सुरू केल्यापासून त्यांतील काहींना चेन्नई किंवा बंगळूरु न गाठता गावातच हे काम करणे शक्य झाले आहे. अशा चमूत भाषेचा प्रश्न उघड उभा राहतो : काम बोलले जाते तमिळमध्ये, लिहिले जाते इंग्रजीत. भोसल्यांच्या दरबारात कारभाराची कागदपत्रे मोडी लिपीतील मराठीत, वैद्यकाची पद्ये तमिळमध्ये आणि राजाच्या संग्रहातील युरोपीय ग्रंथ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन असे निरनिराळ्या भाषांत होते, आणि त्यामुळे कोणाचे अडले असे दिसत नाही, कारण कोणता मजकूर कोणासाठी आहे याचा विवेक त्यामागे होता. सिंहावलोकनाची बैठक इंग्रजीतच घ्यावी असा आग्रह धरला की नव्याने रुजू झालेली मुले गप्प बसतात, आणि नेमकी तीच मुले चाचणीच्या टोकाला बसलेली असल्याने खरी गोष्ट त्यांनाच ठाऊक असते. बोलणे तमिळमध्ये (पुण्यात असल्यास मराठीत) आणि अखेरची चार ओळींची नोंद इंग्रजीत, ही वाटणी परदेशी ग्राहकालाही जड जात नाही.

चमू मोडतो तेव्हा काय उरते, हा प्रश्न शिल्लक राहतो. सरफोजी १८३२ मध्ये गेले, १८५५ मध्ये शिवाजी राजे दुसरे यांच्या मृत्यूनंतर संस्थान खालसा झाले, आणि वैद्यांना एकत्र बसवणारा आश्रय संपला. पद्ये छापून निघाली, नोंदपत्रांचा क्रम मात्र पुढे चालला नाही. प्रकल्प हस्तांतरित करताना जाणारा चमू सहसा पद्येच देऊन जातो : नियमावली, आकृत्या, सवयींची यादी. त्यासोबत फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही द्याव्यात, म्हणजे चारऐवजी सहा कामे हाती घेऊन पाहिली तेव्हा काय झाले हे येणाऱ्यास पुन्हा करून पाहावे लागत नाही. अशा नोंदी दोघांनी मिळून लिहिल्यास त्या अधिक नेमक्या होतात, आणि दोघांनी एकाच पडद्यासमोर बसून कोड लिहिण्याच्या पद्धतीचा विचार पुढील लेखांकात येईल.